एक कडं, तीन झेंडे



मुलं परदेशात असलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणी उन्हाळ्यात तिकडं जातात. मुक्काम सहा महिन्यांचा. पहिला महिना बरोबर नेलेल्या चटण्या-लोणच्यांत आणि झोपेचं घड्याळ जुळवण्यात जातो. पुढं मात्र प्रश्न पडतो, दिवसभर करायचं काय? ओहायोत लेकीकडं मुलांच्या शाळा जून उजाडायच्या सुमारास बंद झाल्या त्या ऑगस्ट अर्धा सरेपर्यंत. लेक-जावई घरातच, पण दार लावून कामावर. बाहेर बाग, आत दोन नातवंडं आणि मी. त्या अडीच-तीन महिन्यांत आम्ही जे उद्योग केले ते लिहा असं मंडळातल्या दोघी-तिघींनी सुचवलं, म्हणून हा लेख.

अमेरिकेचा उन्हाळा तीन सुट्ट्यांत बसवलेला आहे. मेच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा. मग ४ जुलै, त्यांचा स्वातंत्र्यदिन. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामगारांचा लेबर डे. पहिल्या सुट्टीला दारादारांवर लाल-पांढरं-निळं चढतं ते कित्येकांकडं तिसऱ्या सुट्टीपर्यंत उतरत नाही. हिरवळीत टोचलेले छोटे झेंडे, दारावर गोल तोरण, कुंड्यांत पेटुनियाची लाल-पांढरी-जांभळी फुलं. दिसायला फार गोड दिसतं. पण दुकानात गेलं की त्या सजावटीचा डोंगर दिसतो आणि तो सगळा प्लास्टिकचा. मी गेले तेव्हा सव्वा डॉलरला एक नग होता. एक उन्हाळा वापरायचा, मग तळघरात.

मी नातवंडांना सांगितलं, आपण विकत काही आणायचं नाही. घरात आहे त्यातून करायचं.

घरात काय आहे हे बघायला गॅरेज उघडलं. मैत्रिणींनो, तिकडं गॅरेजमध्ये गाडी सोडून बाकी सगळं असतं. गाडी बिचारी बाहेर उन्हात. बी.कॉम.ला असताना आम्हाला मालसाठ्याचं मूल्यांकन शिकवलं होतं, त्यातला ‘डेड स्टॉक’ हा शब्द चाळीस वर्षांनी त्या गॅरेजमध्ये मला खरा कळला. आणि एक गोष्ट इथंच सांगून टाकते. जुन्यातून नवं करायचं हा छंद चांगला, पण ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून डबे, बाटल्या, फळ्या साठवत बसणं हाही परिग्रहच. तो काटकसरीचा वेष घालून येतो म्हणून ओळखू येत नाही. आम्ही नियम केला: या महिन्यात ज्याचं काही होणार असेल तेवढंच बाहेर काढायचं, बाकी देऊन टाकायचं. शेवटी सहा खोकी दानाच्या दुकानात गेली आणि बागेत चार वस्तू आल्या. नातवाला हा व्यवहार तोट्याचा वाटला. मला नाही.

त्या चार वस्तूंपैकी पहिली बैठक तुटलेली लाकडी खुर्ची. तिला पांढरा रंग दिला आणि बैठकीच्या भोकात कुंडी बसवली. दुसरी स्टीलची मोठी चाळण. तिला भोकं आयतीच, त्यामुळं पाणी साठत नाही. तीन साखळ्या लावून टांगली आणि पेटुनिया लावला. तिसऱ्यात डाळीचे रिकामे पत्र्याचे डबे, खिळ्यानं तळाला भोकं पाडून. भोकं पाडायची ती झाडासाठी आणि जीवांसाठीही. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतो, आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. मग ते मारायला फवारा आणायचा. पाणी गाळून गाळण्यातले जीव जपून परत पाण्यात सोडणाऱ्या घरांतल्या आपण. आधी डासांची पैदास करून मग त्यांना मारण्याचं पाप आपल्याच सजावटीमुळं कशाला? म्हणूनच जुन्या टायरची कुंडी मी करू दिली नाही. टायरच्या आतल्या वळशात पाणी राहतंच, कितीही भोकं पाडा.

चौथी वस्तू पक्ष्यांसाठी पाण्याची थाळी. दोन मातीच्या कुंड्या पालथ्या घालून एकावर एक ठेवल्या आणि वर चिनी मातीचं एक टवका उडालेलं मोठं ताट. पाणी दोन बोटं खोल, त्यात चार-पाच दगड पाण्याबाहेर डोकं काढतील असे ठेवले, म्हणजे मधमाश्यांना उभं राहून पिता येतं आणि बुडत नाहीत. पाणी दिवसाआड बदलायचं, आणि डास अंडी घालायच्या आत ते झाडाच्या मुळाशी ओतायचं. हे काम नातवाकडं होतं. दोनदा विसरला, मग कॅलेंडरवर खुणा करायला लागला.

एक शिकलेली गोष्ट: कडेला टाकलेली लाकडं उचलून आणलीत तर आधी उन्हात नाही, सावलीत आडवी ठेवा एक दिवस. आतले किडे-मुंग्या आपापल्या वाटेनं निघून जातात. आणि मालाच्या फळ्यांचे जे चौकट-पाट तिकडं फुकट मिळतात त्यांच्यावर शिक्का बघा. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन जंतुरहित केलेलं लाकूड, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूनं धुरी दिलेलं. दुसरं घरात आणू नये, मुलांच्या हाताशी तर नाहीच. तिकडं अशाच फळ्यांना आडवे लाल-पांढरे पट्टे ओढून झेंडा करायची फार हौस आहे. त्यांच्या झेंड्यात पट्टे तेरा, सात लाल सहा पांढरे, सुरुवातीच्या तेरा वसाहतींचे. तारे पन्नास, आणि हा पन्नास ताऱ्यांचा झेंडा ४ जुलै १९६० पासूनचा. निळा चौकोन बघणाऱ्याच्या डाव्या हाताला वर यायला हवा. नातीनं हे मला शिकवलं आणि मी वहीत लिहून घेतलं.

आता मुख्य वस्तू, ते कडं.

तारेचा जुना हँगर उलगडून वर्तुळ केलं, साधारण वीतभराहून थोडं मोठं, जोड तारेनंच पिळून पक्का. त्यावर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीनं लावायचे, तोंडं आत, शेपट्या बाहेर. सूर्यफुलासारखं दिसतं. आमच्या कड्याला चौसष्ट चिमटे लागले: सोळा निळे, चोवीस लाल, चोवीस पांढरे. निळे एका बाजूला सलग. बाकीच्या जागेत आठ लाल, आठ पांढरे असे आळीपाळीनं. रंग पाण्यात विरघळणारे घ्यावेत. कुंचला घेताना केस कशाचे ते बघा, बऱ्याच कुंचल्यांना जनावरांचे असतात. कृत्रिम धाग्याचे मिळतात आणि स्वस्तही पडतात. मुलांनी रंगवायला दोन दुपारी घेतल्या. पहिल्या दुपारी ओट्यावरचं सगळं निळं झालं होतं.

चिमटे रंगवताना मला माझे सासरे आठवत राहिले. बेचाळीसच्या चळवळीत ते भूमिगत कार्यकर्त्यांना शेतातल्या वस्तीवर भाकऱ्या पोचवायचे. भाकऱ्या सासूबाई थापायच्या, पहाटे, चुलीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून दाराला गोणपाट लावून. पुढं दर पंधरा ऑगस्टला मामा गावातल्या शाळेत झेंड्याला जायचे आणि आल्यावर टोपी काढून देवाशेजारी ठेवायचे. त्यांची सून लाल-पांढरे-निळे चिमटे रंगवत बसली होती. माझ्या लेकीनं तिकडचं नागरिकत्व घेतलं त्या दिवशी ती फोनवर खूप आनंदानं बोलली, आणि शेवटी हळूच म्हणाली, “आई, आपला पासपोर्ट परत करावा लागतो गं.” भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, हे मला ठाऊक होतं. मी “बरं” म्हटलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथंच बसले होते. यांनी तर त्या दिवशी जेवणात मीठ कमी आहे हेसुद्धा सांगितलं नाही.

नातीनं विचारलंच. “आजी, आपला झेंडा कोणता?”

मी म्हटलं, “तुझा हा. माझा तिरंगा. आणि दोघींचा मिळून एक तिसरा आहे, तो पर्युषणात दाखवते.” ती हिशेबाला पक्की. म्हणाली, “मग मम्मीचा?” मी म्हटलं, मम्मीला विचार. तिनं विचारलं की नाही मला माहीत नाही.

पताकांचं काम त्यामानानं हलकं. जुन्या जीन्सचे निळे त्रिकोण, फाटक्या चादरीचे पांढरे, आणि माझ्या एका विटलेल्या ओढणीचे लाल. सुतळीला शिवून टाकले. निळ्यावर तारे हवे होते. तिकडच्या पुस्तकात बटाटा कापून ठसा करायला सांगतात, जो आपल्याकडं घरातच येत नाही. पण भेंडी येते! भाजीसाठी भेंडीचं देठाकडचं टोक आपण उडवतो ना, त्याचा कापलेला भाग बघा, पाच कोनांचा नीट तारा. कधी सहा-सात कोनही निघतात. देठ हातात धरायला मूठ होते. पांढऱ्या रंगात हलकं टेकवायचं, आधी कागदावर एक ठसा मारायचा म्हणजे जास्तीचा रंग जातो, मग कापडावर. टोकं फेकायचीच होती, म्हणून मी परवानगी दिली. खेळण्यासाठी अख्खी भेंडी कापायला मागितली तेव्हा नाही दिली. त्या दिवशी घरात भेंडीची भाजी, दुसऱ्या दिवशीही भेंडीची भाजी. जावईबापू काही बोलले नाहीत.

हे ‘नाही’ मुलांना समजावून सांगायची संधी लगेच आली. आपल्या रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितलेत, त्यातला प्रमादचर्या म्हणजे कारण नसताना जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडं तोडणं. गृहस्थाला आरंभ टळत नाही, पण निष्कारण आरंभ टळू शकतो. बाग करताना यातलं एकेक वाक्य हाताला येतं. आणि ४ जुलैला तर आग पेटवण्याचाच सण.

तिकडं त्या रात्री गावोगाव दारूकाम होतं, शिवाय घरोघरी वेगळं. शेजारच्या सज्जन गृहस्थांनी नातवाच्या हातात फुलबाज्यांचं पाकीट आणून दिलं. नऊ वर्षांचं पोर, डोळे असे चमकले. आम्ही दिवाळीला महावीर निर्वाण म्हणून फटाके उडवत नाही हे त्याला ठाऊक. पण हा त्याच्या मित्रांचा सण, वर्गातले सगळे उडवणार. मी रागावले नाही. त्याला सांगितलं की फुलबाजीचं टोक साधारण अकराशे अंशांपर्यंत तापतं, त्यात सोनंसुद्धा वितळेल. आणि त्याच वेळी हिरवळीत काजवे फिरत असतात.

काजवे हा तिथल्या जून-जुलैचा खरा सोहळा. दिवेलागणीला हिरवळीतून उठतात ते झाडांच्या शेंड्यापर्यंत. तिकडची मुलं ते काचेच्या बरणीत धरतात, झाकणाला भोकं पाडून. आम्ही लोणच्याच्या रिकाम्या बरण्या घेतल्या, आत उन्हावर चालणारी बारीक दिव्यांची माळ घातली, झाकणावर छोटी सौरपट्टी, आणि कुंपणावर टांगल्या. सहा बरण्या. नात म्हणाली, “आजी, काजव्याला किती इंद्रियं?” चार, मी सांगितलं. स्पर्श, रस, गंध, डोळे. कान नाहीत. “म्हणजे फटाका त्याला ऐकू येत नाही?” या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. पाठशाळेच्या ताईंना विचारू म्हटलं.

पाकीट नातवानं उघडलं नाही. पण रात्री वडिलांबरोबर तो गावाचं दारूकाम बघायला गेला, आणि येताना आनंदानं नाचत आला. त्याला जाऊ नको म्हणायचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही म्हटलं, कारण घर माझं नाही आणि बाप माझ्यापेक्षा जवळचा. मी घरी सामायिकाला बसले. अठ्ठेचाळीस मिनिटांतली निम्मी आवाजात गेली. शेजारचं कुत्रं पलीकडं सारखं कण्हत होतं.

त्या दिवसाचं जेवण मात्र मजेचं झालं. ओहायोत जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळं चौविहार पाळणारी मी सगळ्यांबरोबर पंगतीला! डिसेंबरात जाणाऱ्यांनी मात्र पाचच्या आत उरकायची तयारी ठेवावी. घरी दही बांधून चक्का केला, साखर घोटली, ताटात पसरून कोपऱ्यात ब्ल्यूबेरी आणि पुढं स्ट्रॉबेरीच्या पट्ट्या. ज्यांच्याकडं स्ट्रॉबेरी चालत नाही त्यांनी डाळिंबाचे दाणे घ्यावेत, रंग जास्तच खुलतो. तिकडचं विकतचं दही घेताना डब्यावर जिलेटिन आहे का वाचा, काहींत असतं. मुलं शेकोटीवर भाजून खातात ते मऊ पांढरे मार्शमेलो तर बहुतेक जिलेटिनचेच.

ऑगस्ट आला तसं कडं उतरवलं. निळे आणि लाल चिमटे काढून डब्यात. पांढरे चोवीस तसेच, बारा डावीकडं बारा उजवीकडं. नवे वीस केशरी वर आणि वीस हिरवे खाली. नातीला मध्ये बरणीच्या झाकणावर निळं चक्र काढून लावायचं होतं, चोवीस आरे ती मोजायलाही शिकली होती. मी चक्र नको म्हटलं. आपल्या ध्वजसंहितेत झेंड्याचा सजावटीसाठी, पताका-तोरणासाठी वापर करायला मनाई आहे. तीन रंग म्हणजे रंग. चक्र आलं की झेंडा होतो. तिकडं झेंडा टोपीवर असतो, कागदी रुमालावर असतो, पोहायच्या कपड्यांवरसुद्धा असतो. त्यांच्या संहितेतही असं करू नये असं लिहिलंय म्हणे, पण कोणी पाळत नाही. नात म्हणाली, “मग तुमचा झेंडा जास्त स्ट्रिक्ट आहे.” असेल. १५ ऑगस्टला यांना व्हिडिओ कॉलवर ते कडं दाखवलं. हे बघत राहिले आणि म्हणाले, “बाबांची टोपी अजून कपाटात आहे.”

तिसरा झेंडा आपला पंचरंगी, १९७४-७५ साली भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षात सगळ्या आम्नायांनी मिळून स्वीकारलेला. लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, पांढरा अरिहंतांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि निळा साधूंचा. चिमट्यांचा हिशेब बघा: लाल, पांढरे, निळे, हिरवे हाताशी होतेच. पिवळे तेरा तेवढे नवे रंगवले. एकशे सतरा चिमट्यांत तीन झेंडे.

पण मध्यभागी स्वस्तिक काढायचं ठरलं आणि लेक म्हणाली, “आई, बाहेरच्या दारावर नको.”

मला लागलं. कारण माहीत होतं. १९२० मध्ये हिटलरच्या पक्षानं ती खूण उचलली आणि तिच्याखाली साठ लाख ज्यू मारले. समोरच्या घरात डिसेंबरात खिडकीत नऊ दिव्यांची समई लागते असं लेकीनं सांगितलं. तिकडच्या आपल्या जैन संघांच्या महासंघानंही आपल्या बोधचिन्हात स्वस्तिकाच्या जागी ओम घेतलाय, तेही तिनं दाखवलं. सगळं समजूनही दोन दिवस मी गप्पच होते. चार गती, वर रत्नत्रयाचे तीन ठिपके, त्यावर सिद्धशिला; दररोज तांदळानं काढते ते मी. एका खुनशी माणसानं चोरलं म्हणून आपण दाराआड ठेवायचं? आणि दुसरीकडं असंही येई मनात, की समोरच्या म्हाताऱ्या बाईंनी सकाळी पडदा सारला आणि तिच्या पोटात गोळा आला, तर मी तिला कुठली कुठली गती समजावायला जाणार रस्ता ओलांडून?

तिसऱ्या दिवशी कडं दारावर लावलं. मधली जागा रिकामी ठेवली, ओमही नाही. आत देव्हाऱ्यासमोर नातीनं पाटावर तांदळाचं स्वस्तिक काढलं, पहिल्यांदाच एकटीनं. एक बाहू जरा वाकडा झाला. बाहेर का नाही हे तिला मी सगळं सांगितलं, हिटलरसकट. लेकीला वाटलं दहा वर्षांच्या मुलीला एवढं कशाला. मला अजूनही वाटतं, सांगितलं ते बरं केलं. रिकामी जागा का रिकामी आहे हे तिला कळायला हवं. बाकी लेकीचा निर्णय मला पूर्ण पटलाय असं नाही, आणि तिलाही ते ठाऊक आहे.

दशलक्षणात येणारे-जाणारे कड्याची चौकशी करायचे. एका बाईंनी लगेच करायला घेतलं. इथं करणार असाल तर चिमटे लाकडीच घ्या, प्लास्टिकवर रंग धरत नाही. रंग दोन हात द्या, आणि पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. पावसाळ्यात आपल्याकडं त्याला एक अख्खा दिवस लागतो. भेंडीचे ठसे मात्र त्याच दिवशी उरकावेत, टोकं सुकली की कोन आत वळतात.